मरणोत्तर ध्वनिमुद्रिका आणि गायकाची संमती

द. वि. पलुसकर ऑक्टोबर १९५५मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ साली निघाली. म्हणजे तबकडीसाठी गाण्याचा त्यांचा काळ उणापुरा अकरा वर्षांचा. त्या अकरा वर्षांत त्यांनी स्वतः निवडून, बेतून, तीन-साडेतीन मिनिटांत बसवून जे गायले ते एका बाजूला ठेवले, आणि त्यांच्या निधनानंतर एल. पी., कॅसेट, सी. डी. या क्रमाने त्यांच्या नावावर जे बाजारात आले ते दुसऱ्या बाजूला, तर दुसरी बाजू कितीतरी पटींनी जड भरते. आज ज्याला 'पलुसकरांचे गाणे' म्हटले जाते त्याचा मोठा भाग पलुसकरांनी कधी प्रकाशित केलेलाच नाही. तो गायिलेला आहे, हे निःसंशय. परंतु गाणे आणि प्रकाशित करणे या दोन कृती एक आहेत काय, आणि पहिलीला दिलेली संमती दुसरीला लागू होते काय, हा प्रश्न श्रवणसुखाच्या भरात सहसा विचारला जात नाही.

प्रश्नाचे मूळ नाशिकपर्यंत मागे नेता येते. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी गेल्यानंतर विष्णु दिगंबर पलुसकरांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व नाशिकच्या रामनाम आधार आश्रमाशी निगडित होते. १९३१ साली ते वारले तेव्हा दत्तात्रय दहा वर्षांचा होता. या मुलाच्या कानावर पडलेले पहिले गाणे मैफलीचे नव्हे, तर नामसंकीर्तनाचे आणि तुलसीरामायणावरील कथेचे होते. अशा गाण्याला श्रोता असतो, पण ते श्रोत्यासाठी नसते. ते ज्या क्षणी होते त्या क्षणी संपते आणि त्याचे संपणे ही त्याची उणीव मानली जात नाही. विष्णु दिगंबरांचा टिकवण्यावर विश्वास नव्हता असे मात्र नाही. स्वरलेखनपद्धती बसवून चिजांची पुस्तके छापण्यासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले. तथापि स्वरलेखन टिकवते ते बंदिशीला. गायकाला ते मोकळे सोडते. ध्वनिमुद्रिका नेमके उलट करते. एका दिवशीचा, एका घशाचा, एका मनःस्थितीतला उच्चार ती धरून ठेवते आणि पुढे तोच उच्चार गायकाच्या नावाचा पर्याय होतो. पितापुत्रांमधील हे अंतर केवळ पिढीचे नाही, टिकण्याच्या दोन कल्पनांमधले आहे.

७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेला 'ख्यालाचा संक्षेप' म्हणून हिणवण्याची रीत आहे. ती अन्यायकारक आहे. दत्तात्रयबुवांच्या गुरुस्थानी असलेले नारायणराव व्यास यांनी तीन मिनिटांची चीज हा एक स्वतंत्र रचनाबंध म्हणूनच घडवला होता. स्थायी केव्हा संपवायची, तान कुठे टाकायची, समेवर शेवट कसा आणायचा, याचा त्यात पूर्वविचार असे. मेणाच्या तबकडीवर मुद्रण होत असे त्या काळात तर ती लगेच वाजवून पाहणेही शक्य नव्हते, कारण वाजवताच खोबणी बिघडे. गाणारा एका दमात गाई आणि नमुना हाती येईपर्यंत थांबे. या सर्व व्यवहारात गैरसोय होती, कंपनीची मनमानीही होती. परंतु गायकाचे 'हो' किंवा 'नको' यांना तिथे एक जागा होती. पलुसकरांच्या आवाजातले तुलसीदासाचे रामाच्या बालरूपाचे भजन घरोघरी पोचले ते या अर्थाने त्यांची 'कृती' आहे: निवडलेली, पारखलेली, सोडून दिलेली.

नभोवाणीचे गाणे वेगळ्या जातीचे. तिथे गायक वेळेच्या चौकटीत गातो, पण ते वाऱ्यावर जाणार आहे हे गृहीत धरून. १९५२ साली आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यावर गाणाऱ्याच्या मनात हजारो श्रोते असतील. साठ वर्षांनंतर तीच तान पुनःपुन्हा मागे नेऊन ऐकणारा विद्यार्थी नसेल. खाजगी बैठकीतल्या फितींबद्दल तर बोलायलाच नको. हे सारे बाहेर का आले याचे कारण रसिकतेत शोधण्यापेक्षा भांड्याच्या आकारात शोधावे. दीर्घ काळ चालणाऱ्या तबकडीची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक मागते. जे कलावंत हयात होते ते पुन्हा स्टुडिओत जाऊन ती भरू शकत होते. जो १९५५ सालीच गेला त्याच्याजवळ देण्यासाठी तीन-तीन मिनिटांचे तुकडेच होते. साहजिकच कंपन्यांची दृष्टी फितींच्या कपाटांकडे वळली. पुढे कॅसेट साठ मिनिटांची आली, सी. डी. सत्तरांहून अधिक मिनिटांची; प्रत्येक नव्या भांड्याने मृत गायकाकडे आणखी काही मागितले आणि ते त्याला नाकारता येत नव्हते. आता तर भांड्याला बूडच राहिलेले नाही.

यावर तीन आक्षेप संभवतात. मृताला हितसंबंध नसतात, हा पहिला. परंतु मृत्युपत्राचा मान राखणाऱ्या समाजाला तो घेता येणार नाही. दुसरा असा, की नभोवाणीवरील गाणे मुळातच सार्वजनिक होते, मग ते पुन्हा ऐकवण्यात गैर काय? येथे 'सार्वजनिक' या शब्दात दोन अर्थ मिसळले आहेत. जे सर्वांपुढे घडते ते सार्वजनिक, आणि जे सर्वांच्या हाती राहते तेही सार्वजनिक. चौकात बोललेला शब्द पहिल्या अर्थाने सार्वजनिक असतो, छापलेला दुसऱ्या. तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. अल्लादियाखाँसाहेबांनी तबकडीसाठी गाणे नाकारले आणि १९४६ साली ते गेल्यावर त्यांचा आवाज कायमचा गेला. भास्करबुवा बखल्यांचेही गाणे आज केवळ आख्यायिकेत आहे. पलुसकरांच्या फिती कोणी जपल्या नसत्या तर त्यांच्या विलंबित ख्यालाची कल्पना त्या तीन मिनिटांवरून कोणालाही करता आली नसती. ही हानी गायकाच्या संमतीपेक्षा लहान आहे असे सहज म्हणता येत नाही.

संमतीचा विचार अधिक टोकाला नेणारे उदाहरण ग्वाल्हेर घराण्यातच सापडते. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या अखेरच्या काळातल्या. व्यसनाने आणि मनाच्या विकल अवस्थेने ग्रासलेला हा गायक कशासाठी गात आहे याचे भान त्याला किती होते, हे सांगणे कठीण. त्या मुद्रिका ऐकताना श्रोत्याचे डोळे पाणावतात आणि त्याच वेळी तो एका अर्थाने खिडकीतून आत डोकावत असतो. तरीही त्या नष्ट कराव्यात असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे वादाचा विषय 'ऐकावे की न ऐकावे' हा नसून 'काय म्हणून ऐकावे' हा आहे. कृती म्हणून, की अवशेष म्हणून?

साहित्यव्यवहाराला हा भेद अपरिचित नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले त्याचा शक १५०६ ग्रंथातच नोंदला गेला; राजवाड्यांनी आपल्या हाती आलेली प्रत छापली ती कोणती, हे सांगून छापली. कवीच्या मागे राहिलेल्या वहीतून कविता काढणारा संपादक वही कोणती, खाडाखोड कुठे, हे सांगण्यास बांधलेला असतो. ध्वनिमुद्रिकेच्या संपादकाला असे कोणतेही बंधन वाटत नाही. राग, ताल, गायक एवढे छापले की वेष्टन पूर्ण होते. मूळ गाणे कुठे आणि केव्हा झाले, आलाप कापला आहे काय, शेवट यंत्राने विरवला आहे काय, फितीचा वेग बदलून षड्ज सरकला आहे काय, याविषयी मौन. जुन्या तबकड्यांचा वेगही सर्वत्र काटेकोर ७८ नसे. तेव्हा पट्टी हीसुद्धा पाठचिकित्सेची बाब आहे. घराण्याच्या लकबींवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी ज्या पुराव्यावर भिस्त ठेवली त्याची संहिताच कोणी तपासलेली नाही, ही गोष्ट पुरेशी गंभीर आहे.

आणखी एक बाजू आहे. पलुसकरांच्या भजनात तुलसीदासाची मुद्रा शेवटच्या चरणात गुंफलेली असते. कंपनी बदलली, वेष्टन फाटले, तरी ती निघत नाही. गायकाला अशी मुद्रा नसते. त्याची मुद्रा म्हणजे त्याचा आवाज, आणि विकली जाते ती तीच. 'बैजू बावरा'त (१९५२) अमीर खाँसाहेबांसमवेतच्या जुगलबंदीत तर पलुसकरांचा आवाज दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसवला गेला. याच्या उलट टोकाला नाशिक जिल्ह्यातलेच, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक दिसतात. त्यांची गीते गायनपार्ट्यांतून, सभांतून, आणि कॅसेटचा प्रसार झाल्यावर कितीतरी गळ्यांतून गेली. कर्त्याची खूण टिकली ती लेबलावर नव्हे, गीताच्या अखेरीस येणाऱ्या 'वामन' या शब्दात. संमतीचा प्रश्न उपस्थित होण्यासाठी आधी विचारणारा कोणी असावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या सूचीने ज्यांच्या दाराशी फारशी पावले वळवली नाहीत, त्यांच्या बाबतीत अन्याय न विचारता छापण्याचा नसतो, न छापण्याचा असतो. पलुसकरांच्या निमित्ताने मांडलेले हे सारे विवेचन प्रतिष्ठित कलावंताच्या प्रश्नाचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

कायद्याने या गुंत्यात उशिरा पाऊल टाकले, आणि टाकले तेही वाकडे. १९५७च्या कायद्यात गायकाला स्थान नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी या उणिवेकडे लक्ष वेधले. प्रयोगकर्त्याचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला, त्याचे नैतिक हक्क २०१२च्या. यातले काहीही १९५५ साली गेलेल्याला उपयोगाचे नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत मात्र साठ वर्षांची, आणि ती मोजली जाते प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून. त्यामुळे पलुसकरांनी १९४४ साली स्वतःच्या संमतीने दिलेली तबकडी २००४च्या अखेरीस सर्वांची झाली. आणि जे त्यांनी कधी प्रकाशित केलेच नाही, ते जितके उशिरा बाहेर आले तितका दीर्घकाळ दुसऱ्या कोणाचे तरी राहते. वेष्टनावर छापलेले वर्षही त्या हक्कासाठीच असते. ते प्रकाशनाचे वर्ष आहे, गाण्याचे नव्हे. आणि नव्या विद्यार्थ्याच्या टिपणवहीत तेच गाण्याचे वर्ष म्हणून उतरते.