तारवाबाहेरची मुलं

संडे स्कूलमध्ये नोहाचा पाठ हमखास रंगतो. तारू, जोडीजोडीनं आत शिरणारे प्राणी, शेवटी इंद्रधनुष्य. मुलं रंगखडूंवर तुटून पडतात. आणि अशात मागच्या सतरंजीवरून कुणीतरी विचारतं, “टीचर, तारवात न आलेल्या लहान मुलांचं काय झालं?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “असं विचारू नये बाळा. चला, आजचं सोनेरी वचन म्हणा.”

असं विचारू नये, हे आपण कुठून शिकलो? मिसर देश सोडायच्या आधीच मोशे इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांना बजावतो, की पुढं तुमची मुलं वल्हांडणाच्या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना सगळं सांगा. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञांविषयी तेच. यार्देन ओलांडल्यावर यहोशवा गिलगालात बारा धोंडे उभे करतो, तेही मुलांनी ते पाहून विचारावं म्हणून. देवानं काय केलं ते पुढच्या पिढीला सांगायचं आहेच, पण प्रत्येक वेळी तोंड उघडतं ते मूल. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री घरातल्या धाकट्यानं प्रश्न विचारायची रीत आजही आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी कुटुंबांसाठी 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादात, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पुस्तकात, इब्री मजकुराबरोबर मराठी भाषांतर होतं. म्हणजे आपल्या मराठीतही लेकराच्या त्या प्रश्नांना मान मिळालेला आहे.

येशूच्या वाढत्या वयाचा एकच प्रसंग शुभवर्तमानांत आहे. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आहे, प्रश्न विचारतो आहे. मला त्या गुरुजनांचं फार कौतुक वाटतं. लहान तोंडी मोठा घास म्हणून त्यांनी त्याला उठवलं नाही. त्याला आपल्यात बसू दिलं आणि त्याच्या समजुतीचं नवल केलं.

वचनं पाठ करून घ्यावीत, जरूर घ्यावीत. आजारपणात, उतारवयात तीच ओठांवर येतात. पण वार्षिक समारंभात सगळी बक्षिसं पाठांतरालाच गेली, की इथं काय चालतं आणि काय चालत नाही ते मुलं बरोबर ओळखतात. मग ती विचारायची थांबतात.

तारवाबाहेरच्यांची चौकशी करणाऱ्या मुलाच्या मनात नोहा असेलच असं नाही. आपल्या कितीतरी घरांत आईकडची माणसं ख्रिस्ती, वडिलांकडची नाहीत. त्याला मांडीवर घेऊन जेवू घालणारी, रोज देवघरात दिवा लावणारी आजी नुकतीच गेली असेल. ती आत की बाहेर, हे त्याला जाणून घ्यायचं असतं, आणि तसं उघड विचारायचा धीर होत नाही. इथं घाईनं दिलेलं कुठलंही ठाम उत्तर त्या लेकराला जखम करतं. शिक्षिकेनं त्याच्याजवळ बसावं. “हे तुझ्या मनात कसं आलं?” एवढं विचारावं आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं, त्याच्यासोबत प्रार्थना करावी, आणि पुढच्या रविवारी आठवणीनं तो विषय काढावा. ती विसरली तरी तो विसरलेला नसतो.

यात दोष त्या शिक्षिकेला देऊन भागणार नाही. बऱ्याच मंडळ्यांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या हाती शनिवारी संध्याकाळी पाठाचं पुस्तक देतात आणि सकाळी वर्ग सोपवतात. अवघड प्रश्न आला की ती एकटी पडते. गप्प करण्याखेरीज तिला काही सुचत नाही. पाळकसाहेबांनी महिन्यातून एकदा या शिक्षकांबरोबर बसावं. किती मुलं आली, किती वचनं झाली हे नंतर पाहता येईल. आधी मुलांनी काय विचारलं ते ऐकावं. त्यातले काही प्रश्न रविवारच्या संदेशात घेतले, तर बाकांवर बसलेल्या मोठ्यांच्याही मनात वर्षानुवर्षं अडकलेलं पुष्कळ काही मोकळं होईल.