वाट सांगण्याचे पुण्य

बिनखर्चाने पुण्य मिळवण्याचे जे मार्ग आपल्या पूर्वजांनी शोधून ठेवले, त्यांत वाटसरूला वाट सांगणे सर्वांत स्वस्त. पाणपोई घालायची तर निदान रांजण तरी लागतो; इथे उजवा हात लांब केला की झाले! हा धंदा आता मोबाइलने बसवला आहे.

यंत्राशी माझे भांडण नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून ते माझी जागा ठरवते. त्या उपग्रहांवरची घड्याळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, म्हणून आइन्स्टाइनच्या गणिताने ती आधीच हळू लावलेली असतात. एवढा मोठा माणूस कामाला लागतो कशासाठी? तर मला नारायण पेठेतून तुळशीबागेत नेण्यासाठी. शिवाय ती बाई कधी चिडत नाही. सांगितल्याच्या उलट वळलो तरी शांतपणे दुसरा रस्ता काढते. आमच्या घरात ही सोय नाही.

उलट पुण्यात पत्ता विचारणे म्हणजे तोंडी परीक्षा. लकडी पुलाला लाकूड नाही, जिलब्या मारुतीपाशी जिलबी मिळेलच असे नाही, हे ज्याला ठाऊक त्यानेच पुढे जावे. वर "कुणाकडे जायचंय? काय काम काढलंत?" ही चौकशी निराळीच. यंत्र यातले काही विचारत नाही. मला जरा खटकते ते इथेच. पानवाला सगळे विचारायचा नि रात्री दुकानाची फळी लावताना विसरून जायचा. हे काही न विचारता टिपून ठेवते.

आणि ऋणाचे काय? परक्या गावात परक्या माणसाच्या बोटावर विश्वास ठेवून आपण निघत होतो. तोही ठाऊक नसले तरी "माहीत नाही" म्हणायला लाजायचा (हे पाप की पुण्य, चित्रगुप्त जाणे), पण गरज दोघांनाही होती. यंत्राचे आभार मानायचे कुणाकडे बघून?

आमच्या आळीच्या तोंडाशी एक निवृत्त आजोबा कट्ट्यावर बसतात. चाळीस वर्षे गल्लीतली बिऱ्हाडे त्यांना पाठ. हल्ली त्यांना कुणी काही विचारत नाही. परवा मोबाइल बंद पडलेल्या, पार्सल पोचवणाऱ्या एका पोराने घर विचारले. आजोबांनी नुसता हात दाखवला नाही. चपला चढवल्या आणि त्याला दारापर्यंत सोडायला निघाले. पोराला घाई होती. तरी तो गाडी हाताने ढकलत त्यांच्या चालीने चालला.