मुक्या जिवाचा कॅन्सर आणि आपली अमानत

कुत्र्याला कॅन्सर होतो असे सांगितले तर आपल्याकडे अजूनही पुष्कळांना हसू येते. ‘माणसांना दवाखाना मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात?’ असेही ऐकवले जाते. आपल्या मोहल्ल्यात त्याला आणखी एक वाक्य जोडले जाते, ‘तो तर नापाक जनावर!’ या दोन्ही बोलण्यांचा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या डोळ्यांपुढे रोहा तालुक्यातले खांब आहे. नागोठणे आणि कोलाडच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. भाताची शेती, गुरांचे गोठे, रस्त्याकडेची हॉटेले आणि या सगळ्यांच्या आसऱ्याने जगणारी कुत्री. काही राखणीची, बरीचशी कुणाचीच नसलेली. खांबच काय, कोकणातल्या कोणत्याही गावात एखाद्या कुत्रीच्या सडाला गाठ आली तर प्रथम तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. गाठ वाढते, फुटते, माश्या बसतात, वास येऊ लागतो. मग कालपर्यंत जिने दार राखले, तिलाच दारातून हाकलले जाते. कुणी टेम्पोत घालून दूर सोडून येतो. ‘सुटलो एकदाचे’ असे म्हणतो. प्रश्न इथेच सुरू होतो. खरेच सुटलो का?

आधी आजार समजून घेऊ. शरीरातल्या पेशी आपली मर्यादा सोडून वाढू लागल्या की माणसाला जसा कॅन्सर होतो, तसाच कुत्र्यालाही होतो. ती नजर नव्हे, करणी नव्हे आणि कुणाच्या गुन्ह्याची सजाही नव्हे. न बसणारी किंवा वाढत जाणारी गाठ, न भरणारी जखम, तोंडातून, नाकातून किंवा लघवीच्या जागेतून येणारे रक्त, खाणे सुटणे, वजन उतरणे, कारण नसता लंगडणे, ही त्याची लक्षणे. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागे न दुखणाऱ्या गाठी आल्या तर तो लिम्फोमा असू शकतो. हा आजार उपचाराविना बहुधा एक-दोन महिन्यांतच जीव घेतो. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. कुत्रीच्या सडांच्या गाठींपैकी साधारण निम्म्याच घातक निघतात. पण कोणती कसली, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

एक कॅन्सर तर आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत नेहमी दिसतो. तो समागमातून पसरतो. लघवीच्या जागी फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ येते. इथे जंतू नव्हे, तर कॅन्सरची पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. 1876 मध्ये नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. जनुकांच्या अभ्यासातून पुढे कळले की जगभरातल्या अशा साऱ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आल्या आहेत. माणसाला मात्र ही लागण होत नाही.

आणि हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो. आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे व्हिन्क्रिस्टीनचे इंजेक्शन शिरेतून द्यावे लागते. हे औषध मिळते सदाफुलीपासून, आपल्या अंगणात आणि कब्रस्तानाच्या कडेला उगवणाऱ्या त्याच सदाफुलीपासून. रक्ताचा कॅन्सर झालेल्या माणसांच्या मुलांनाही हेच औषध दिले जाते. (सदाफुलीचा पाला कुणी घरी वाटून पाजू नये, तो विषारी आहे.) अल्लाहने एकाच झाडात माणसाच्या लेकराची आणि उकिरड्यावरच्या कुत्र्याची दवा ठेवली. मग भेद आपण कुठून आणला?

इथे ‘नापाक’ शब्दाकडे यावे लागते. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. आपल्या फिकहनुसार कुत्र्याची लाळ नजिस आहे, भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने धुवावे लागते. इमाम मालिक यांच्या मते कुत्रा नजिस नाही. हा मतभेद जुना आहे आणि तो मिटवणे आमचे काम नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की तहारतचा हुकूम आपल्या हाताला आणि भांड्याला आहे. तो त्या जिवाच्या किमतीवरचा निकाल नाही. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या त्या नेक तरुणांबरोबर उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. शेतीची आणि गुरांची राखण करणारा कुत्रा पाळण्यास हदीसने मुभा दिली आहे. तहानेल्या कुत्र्याला मोज्याने पाणी काढून पाजणाऱ्या पापी स्त्रीला माफी मिळाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने आधी त्याच्या लाळेचा विचार केला नव्हता. हात धुण्याची सोय आहे. न केलेल्या रहमची सोय कशी लावणार?

मग फर्ज काय? पहिले, आजार टाळणे. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की पहिल्यांदा माजावर येण्याआधी नसबंदी झालेल्या कुत्रीला सडाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ उरत नाही आणि प्रत्येक माजागणिक हा फायदा घटत जातो. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यांच्या पक्केपणाबद्दल शंका घेतली आहे, पण माजापूर्वीच्या नसबंदीचा सल्ला पशुवैद्य आजही देतात. थोराड जातींत वय डॉक्टरला विचारून ठरवावे. समागमातून पसरणाऱ्या कॅन्सरलाही नसबंदीने आळा बसतो. जनावराच्या खच्चीकरणाबाबत फकीहांत मतभेद आहेत. फायदा असेल तर मुभा देणारे आहेत, नापसंत करणारेही आहेत. दरवर्षी जन्मून चाकांखाली मरणारी पिल्ले आणि सडलेल्या गाठी पाहिल्या, की आम्हाला मुभेचा पक्ष रहमच्या अधिक जवळचा वाटतो.

दुसरे, आपली घाण त्यांच्या वाट्याला न टाकणे. 2017 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी पडलेली कुत्री साऱ्या जगाने पाहिली. कारखान्याच्या रंगाने ती रंगली होती. त्यांना कॅन्सर झाला असे आम्ही म्हणत नाही. पण आपण सोडलेले विष आधी त्यांच्या अंगावर येते, एवढे त्या रंगाने दाखवले.

तिसरे, वेळेवर दाखवणे. आठवड्यातून एकदा अंगावरून हात फिरवला तरी गाठ लहान असताना सापडते. आधी तालुक्याच्या पशुवैद्याला दाखवावे. पुढे परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभे आहे आणि 1941 मध्ये त्याच परळात टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. माणसाचा आणि जनावराचा इलाज एकाच वस्तीत व्हावा यात आम्हाला अर्थ दिसतो. दुखते म्हणून घरातली आयब्रुफेनची गोळी मात्र देऊ नये, ती कुत्र्याला घातक ठरते.

आता खर्चाचा प्रश्न. तो खोटा नाही. लिम्फोमाला केमोथेरपी दिली तर साधारण वर्षभराचे आयुष्य वाढते, पूर्ण बरे होणारे थोडे. ज्याच्या घरात लेकीची फी थकली आहे, त्याने हा खर्च केला नाही तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण वेदना कमी करणारे औषध, स्वच्छ जखम, सावली, पाणी आणि मऊ अन्न यांना फार पैसे लागत नाहीत. इलाज न करणे आणि टाकून देणे, यांत मोठे अंतर आहे. उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. मांजरीला कोंडून, ना खायला घालणाऱ्या, ना मोकळे सोडणाऱ्या बाईची हदीस आपल्याला माहीत आहेच.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. खाणे सुटले, श्वास लागला, उठवेना, चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झाले, तर डॉक्टरच्या इंजेक्शनने त्याला शांत मरण द्यावे का? यावरही उलेमा एकमताचे नाहीत. जीव देणारा आणि घेणारा अल्लाह, हे खरेच. पण पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी जिबह करतानाही सुरी धारदार ठेवा, जनावराला आराम द्या, असे शिकवले. जिथे मरण टळत नाही, तिथे यातना कमी करणे हे त्या शिकवणीतच बसते, असे आम्हाला वाटते. मात्र हा निर्णय आपली कटकट संपावी म्हणून नव्हे, त्याची वेदना संपावी म्हणून झाला पाहिजे. या दोन हेतूंतला फरक बाहेरून कुणाला दिसत नाही. नीयत जाणणाऱ्याला दिसतो.

मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही आणि इलाजाला हो किंवा नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने आपल्यालाच ठरवावे लागते. ज्याच्या वतीने आपण ठरवतो, तो आपल्याकडे अमानत असतो. अमानतीचा हिशेब देताना ती पाक होती की नापाक, हे विचारले जाईल असे आम्हाला वाटत नाही. ती कशी सांभाळली, हे विचारले जाईल.