कळ, चमक, झिनझिन

भवानीपूरच्या एका गल्लीत फिजिओथेरपीच्या दवाखान्याची पाटी आहे. गुडघा, कंबर, मान यांच्या 'ब्यथे'वर इलाज. कोलकात्यात नवी होते तेव्हा बंगाली अक्षरं जुळवत ती वाचली आणि हसू आलं. आपल्याकडे व्यथा मनाची, तिला कुणी शेक देत नाही. इथे गुडघ्यालाही ब्यथा आणि दाढेलाही ब्यथाच. यंदा खांदा आखडला आणि त्याच पाटीखालून आत जावं लागलं.

आखडल्याचं कळलं गणपतीत. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आरतीला जायचं म्हणून नऊवारी नेसायला घेतली, तर काष्टा खोचायला उजवा हात मागे जाईचना. शेवटी सुनेला हाक मारली. या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव कॉडमन नावाच्या अमेरिकी सर्जननं १९३४ साली दिलं. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आकसतं. चाळिशी ते साठीत जास्त, मधुमेह असला तर आणखी जास्त. सुटायला एक वर्षही लागतं, कधी दोन-तीनही.

दवाखान्यातली मुलगी मला मासिमा, म्हणजे मावशी, म्हणते. पहिल्या दिवशी तिनं यंत्राला हात लावला नाही, वही काढली. "केमन ब्यथा, मासिमा?"

"खूब ब्यथा."

खूब ते समजलं, पण कशी? टनटन, कनकन, की चिनचिन? मी गप्प. तीन महिने घरात सगळ्यांना नुसतं 'दुखतंय' एवढंच सांगत होते. मग मनातल्या मनात मराठीत शोधायला लागले. हात वर नेताना टोकाला येते ती चमक. रात्री त्या कुशीवर वळलं की ठणका. सकाळी दंडातून कोपरापर्यंत उतरते ती रग. उसण नव्हे, ती पाठीत भरते. मोडक्या बंगालीत हातवारे करत सगळं सांगितलं. ठणक्यापाशी तिची मान वर झाली. रात्री ठणकतं म्हणजे दुखण्याचा जोर अजून ओसरलेला नाही, आत्ता ताणायचं बेतानंच. नुसत्या 'खूब'वर कदाचित हात पिरगाळून घेतला असता मी!

दुखण्याच्या अशा शब्दांची मोजदाद मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी केली. त्यांनी १९७५ साली ७८ शब्दांची, २० गटांची प्रश्नावली छापली. त्याआधी १९६५ मध्ये याच मेलझॅकनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर मांडलं होतं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि स्पर्शाच्या संवेदना ते वेदनेवर लोटू शकतात. कोपर आपटलं की आपण चोळतो ते का, याचं उत्तर त्यात आहे. दुखऱ्या जागी चकत्या चिकटवून सौम्य वीज सोडायच्या टेन्स यंत्रामागेही हाच विचार. माझ्या खांद्याला आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी, लावतात. सेकंदाला चार हजारांच्या आसपास आवर्तनांचे, किंचित वेगळे दोन प्रवाह आत एकमेकांना छेदतात. बटण फिरवत ती विचारते, "झिनझिन करछे?" करतं. आपल्याकडे मुंग्या येतात, इथे झिनझिन होतं.

शेक छान, वीज त्याहून छान. पडून राहायचं, पंख्याकडे बघायचं. खरं काम त्यानंतरचं. टेबलावर ओणवं होऊन हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, हा व्यायामही कॉडमनच्याच नावाचा. मग भिंतीवरच्या लाकडी शिडीवर दोन बोटांनी पायरी पायरी चढायचं. यंत्रापुढे रांग असते, शिडी मोकळी. घरी दिवसातून तीनदा करा म्हणून सांगितलेलं आम्ही कुणीच तीनदा करत नाही. एकदा केलं तरी दुसऱ्या दिवशी तोऱ्यात सांगतो.

काल तिनं माझं कोपर धरून हात वर नेला. "आर एकटू, मासिमा, आर एकटू." आणखी थोडं, आणखी थोडं करत शिडीच्या अकराव्या पायरीपाशी माझ्या तोंडून निघालं, "आई गं!"

मी घाईघाईनं शब्द शोधायला लागले. चमक म्हणावं, की कळ? तिनं वही उघडलीच नाही. "मा गो," असं स्वतःशीच हसत पुटपुटली आणि हात दोन पायऱ्या खाली आणला.