कुलूप कुणासाठी?



१४ डिसेंबर २०२४ ची दत्तजयंती आम्हा उभयतांना इंग्लंडमध्ये करावी लागली. लंडनजवळ स्लाऊ नावाचं गाव आहे, तिथे आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त राहतात. दिवाळीनंतर आम्ही सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. तिथे एक प्रश्न मनात आला, तो अजून पुरता सुटलेला नाही. दत्तभक्त वाचकांपुढे तो मांडतो.

त्या देशात घरी टीव्ही बघायला लायसन लागतं. आपल्याकडेही पूर्वी होतंच की. माझे वडील रेडिओच्या लायसनचं छोटं पुस्तक घेऊन दरवर्षी पोस्टात जात, तिकीट चिकटवून शिक्का मारून आणत. १९८० च्या दशकात आपल्याकडून ते गेलं. तिकडे टीव्हीचं लायसन १९४६ साली दोन पौंडांवर सुरू झालं, ते अजून आहे. रेडिओचं मात्र १९७१ मध्ये बंद केलं. आम्ही होतो तेव्हा टीव्हीची वर्षाची फी १६९ पौंड ५० पेन्स होती, म्हणजे आपले साधारण अठरा हजार. एप्रिल २०२५ पासून ती १७४ पौंड ५० पेन्स झाली. त्यातला बहुतेक पैसा बीबीसीकडे जातो, म्हणूनच तिथे त्यांच्या कार्यक्रमांत जाहिराती नसतात.

नियम नीट समजून घ्यावा लागतो. नुसता टीव्ही घरात असला तर लायसन लागत नाही. कुठलीही वाहिनी, कुठल्याही देशाची, ती प्रसारित होत असताना थेट बघितली की लागतं. मग ती टीव्हीवर बघा, फोनवर बघा, नाहीतर लॅपटॉपवर. शिवाय बीबीसीच्या आयप्लेअरवर जुनं किंवा नवं काहीही बघायचं तरी सप्टेंबर २०१६ पासून लायसन हवंच. पण नेटफ्लिक्सवर सिनेमा लावला, किंवा यूट्यूबवर आधी टाकून ठेवलेलं कीर्तन ऐकलं, तर नको. विनालायसन पकडलं गेलं तर दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. पण तपासायला आलेल्या माणसाला तुमच्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या वॉरंटशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. म्हणजे व्यवहारात बघणारा तसा कुणीच नाही.

चिरंजिवांनी लायसन घेतलेलं नाही. मुलाचा अभ्यास, दोघांची नोकरी, थेट बघायला वेळ कुणाला? त्यांनी ‘आम्हाला गरज नाही’ असं रीतसर कळवलेलं आहे.

आता माझी गोष्ट. पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, घरात मी एकटा असताना, टीव्हीवर आयप्लेअर उघडलं. रेल्वेवरचा एक माहितीपट होता. बँकेत लागण्याआधी मला रेल्वेत जायचं होतं, ती हौस राहून गेली. पडद्यावर प्रश्न आला: तुमच्याकडे टीव्ही लायसन आहे का? खाली बटण. मी ‘आहे’ वर दाबलं. नंबर कुणी विचारला नाही, कागद कुणी मागितला नाही. कार्यक्रम सुरू झाला. छान होता, खोटं कशाला बोलू.

शाळेतून आलेला नातू मागे कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. बारा वर्षांचा आहे. तो एवढंच म्हणाला, “आजोबा, पण आपल्याकडे लायसन नाहीये.”

संध्याकाळी मी स्वतःच मुलाला सांगितलं. तो चिडला नाही. हसून म्हणाला, “बाबा, राहू द्या, मी बंदोबस्त करतो.” आणि रात्री त्याने घरातल्या इंटरनेटच्या राउटरमध्ये जाऊन आयप्लेअर आणि थेट वाहिन्या दाखवणारी दोन-तीन ॲप बंद केली. त्यांची नावं यादीत टाकली की घरातलं कुठलंही यंत्र तिथे पोचत नाही.

मला झोप लागली नाही. छत्तीस वर्षं मी बँकेत पैसे मोजले, एक रुपयाचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधला. आणि मुलाने माझ्यासाठी कुलूप लावलं! सौ. म्हणाली, “अहो, तुमच्यासाठी नाही, पोरासाठी लावलंय.” पण चूक पोराने केली नव्हती, मी केली होती.

मग आठवलं, बँकेतल्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं मिळून उघडायची. नोकरीला लागलो तेव्हा मलाही वाटलं होतं, आमच्यावर विश्वास नाही म्हणून हे. जुने हेडकॅशियर म्हणाले होते, की ही दुसरी किल्ली बँकेला वाचवण्यासाठी नाही, तुला वाचवण्यासाठी आहे. संसार असतो, मुलीचं लग्न असतं, एखादा दिवस वाईट येतो. त्या दिवशी दार आपोआप उघडता कामा नये. हे पटायला मला बरीच वर्षं लागली.

आपल्या अवधूतांचे चोवीस गुरू सर्वांना माहीत आहेत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला ते सांगतात आणि नाथमहाराजांनी त्यावर विस्ताराने लिहिलं आहे. त्यात एक कुमारी आहे. घरात वडीलधारं कुणी नाही, तिला बघायला पाहुणे आलेले, आणि त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसली. हातातली कांकणं वाजू लागली. आवाज बाहेर गेला तर घरची गरिबी कळेल. तिने कांकणं एकेक करून उतरवली. दोन उरली तरी वाजली, तेव्हा प्रत्येक हातात एकच ठेवलं. अवधूत त्यातून एकटं राहावं हा बोध घेतात. मला मात्र त्या रात्री वेगळंच दिसलं. तिने हात न हलवता कांडायचा निश्चय केला नाही. वाजणारी वस्तूच काढून ठेवली. राउटरमधली ती यादी म्हणजे उतरवलेली कांकणंच.

पण त्याच चोवीसांत पिंगला आहे. विदेह नगरीतली वेश्या, रात्रभर दारात गिऱ्हाइकाची वाट बघत उभी राहिली. आत-बाहेर, आत-बाहेर करता करता मध्यरात्री तिला वीट आला आणि तिने आशाच सोडली. तिच्या दाराला कुणी बाहेरून कडी लावली नव्हती. दार उघडंच होतं. म्हणून तर तिची झोप खरी.

आता यातलं कुणाचं खरं? माझ्या मते नुसत्या पिंगलेवर भरवसा ठेवणं हा आपल्यासारख्या गृहस्थांचा अहंकार आहे. गुरुचरित्राच्या सप्ताहात आपण हविष्यान्न घेतो, जमिनीवर झोपतो, बोलणं कमी करतो. ही कुंपणंच आहेत, आणि आपण ती आपणहून घालतो. कुंपण घातलं म्हणून पारायणाचं पुण्य कमी होतं असं कुणी म्हणत नाही. फक्त ते ज्याचं त्याने घालावं. मुलाने मला विचारून यादी केली असती तर मी एका शब्दाने दुखावलो नसतो. दुसऱ्या दिवशी मी ते बोललो. मग आम्ही तिघं, मी, मुलगा आणि नातू, शेजारी बसून ती यादी पुन्हा केली. नातवाने सांगितलं की फोनच्या डेटावरून हे सगळं अजूनही उघडतं. खरंच उघडत होतं.

आणखी एक अडचण निघाली. कुलूप आंधळं असतं. त्या ॲपवर थेट वाहिनी बघायला लायसन लागतं, पण तिथलाच झालेला कार्यक्रम नंतर बघायला लागत नाही. कुलपाला हा फरक कळत नाही, ते दोन्ही बंद करतं. यूट्यूबचं उलट. ते बंद केलं तर आमची भजनं गेली, नातवाचे गणिताचे धडे गेले. म्हणून ते उघडं ठेवलं, आणि वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण तर तिथेही चालू असतं.

दत्तजयंतीला हेच दार समोर आलं. आपल्याकडे सायंकाळी जन्मकाळ असतो, तेव्हा तिकडे भर दुपार, घड्याळ साडेपाच तास मागे. एक मराठी वाहिनी उत्सव थेट दाखवणार होती. सौ.ने सकाळपासून तयारी केली, पाळणा सजवला, सुंठवडा केला, आणि बारा वाजता टॅबलेट पाटावर ठेवून म्हणाली, “लावा आता.”

मी म्हटलं, “थेट वाहिनी आहे गं. लायसन लागतं.”

“देवाच्या दर्शनाला कसलं लायसन?”

यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. म्हटलं, लायसनचे पैसे माझ्या पेन्शनमधून भरतो. ती म्हणाली, “तासाभराच्या दर्शनाला अठरा हजार? त्यापेक्षा वाडीला अन्नदान करा.” नातू दारात उभा राहून सगळं ऐकत होता. खरं सांगायचं तर तो नसता तर मी लावलं असतं की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. हाच तर माझा प्रश्न आहे. लहान मुलाची नजर हेही एक कुलूपच झालं ना?

तेव्हा मला बँकेतला १५ एच चा फॉर्म आठवला. आपल्यापैकी अनेकजण एप्रिलमध्ये तो भरत आले आहेत. माझ्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, म्हणून व्याजातून कापू नका, असं ज्येष्ठ नागरिकाने स्वतः लिहून द्यायचं. समोरचे गृहस्थ गावातल्या तीन बँकांत ठेवी ठेवून आहेत हे मला माहीत असे. तरी मी फॉर्म घेतला, शिक्का मारला, पोच दिली. सही त्यांची, जबाबदारी त्यांची. त्यातले कितीतरी जण गुरुवारी देवळात माझ्या पुढे रांगेत असत. मी कधी काही बोललो नाही. इंग्लंडमधलं ते ‘आहे’ चं बटण आणि १५ एच यांत फरक एवढाच, की फॉर्मवर निदान पेन चालवावं लागत होतं.

आम्ही थेट प्रक्षेपण लावलं नाही. गुरुचरित्राचा चौथा अध्याय, अत्री-अनसूयेचा, मी वाचला. पाळणा हलवला, सुंठवडा वाटला. नातवाने शंख फुंकायचा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. संध्याकाळी वाहिनीने तोच सोहळा यूट्यूबवर टाकला, तो आम्ही बघितला. त्याला लायसन लागत नाही. सौ. बघत बसली, पण तिचं म्हणणं अजून तेच आहे, की पादुकांवर फुलं पडत होती त्या क्षणी आपण तिथे नव्हतो, आणि चार तासांनंतरच्या दर्शनाला ती गोडी नाही. यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. तिचं खरं असेलही.

परत आल्यावर वाडीला अन्नदानाची पावती केली. आणि एप्रिल २०२५ मध्ये माझा १५ एच भरायला बसलो, तेव्हा पतसंस्थेतली एक ठेव मी गेली दोन वर्षं धरलीच नव्हती, असं लक्षात आलं. ती धरून पुन्हा बेरीज केली.