गाडीची मान

माणसाला मान असते आणि माणसाला मान हवा असतो. पहिली गोष्ट शरीरशास्त्रातली, दुसरी लग्नकार्यातली. गाडीच्या बाबतीतही हे दोन्ही खरं आहे, हे मात्र मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही पुतण्याकडून. बी.कॉम.ला हा विषय नव्हता.

पुतण्याचं शेत नातेपुत्याजवळच. नीरा उजव्या कालव्याचं पाणी, थोडा ऊस, बाकी डाळिंब. डाळिंबाची क्रेट वाहायला त्यानं मागच्या वर्षी पिकअप घेतली. कर्ज बँकेचं, पण माझ्या बँकेचं नव्हे. "आमच्याकडं काढू नकोस," असं मीच त्याला बजावलं होतं. आचारी आपल्या हातचं जेवत नाही, त्यातलाच हा प्रकार. जामीनदार मात्र मी.

गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि आठव्या दिवशी पुतण्या तोंड पाडून दारात उभा.

"काका, गाडी मान खाली घालून उभी राहतीय."

मी बाहेर जाऊन पाहिलं. खरंच होतं ते. मागची बाजू वर, पुढची खाली. गणित न आल्यामुळं वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी ती उभी होती.

"बिघाड आहे का?"

"बिघाड न्हाय. सगळ्याच पिकअप अशा असत्यात. पर चारचौघांत बरं दिसत न्हाय."

'चारचौघांत' या शब्दाचा अर्थ मला लगेच कळला. त्याच्यासाठी मुली पाहणं चाललं होतं. शेतकरी मुलाचं लग्न जमवणं आमच्या भागात किती अवघड झालंय, हे शहरातल्या वाचकाला सांगून पटायचं नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. पेपरात वाचून लोक हसले. ज्यांच्या घरात तिशी ओलांडलेला मुलगा होता, ते हसले नाहीत. आता मुलीच्या दारात मुलगा जायचा, तर त्याच्या आधी त्याची गाडी दिसणार. ती जर मान खाली घालून उभी, तर मुलानं कुठली वर करायची?

उपाय त्यानं मोबाइलवर शोधून ठेवला होता. अमेरिकेत म्हणे दांडगे पिकअप लोक हौसेनं बाळगतात. मंडईतून एक कोबी आणायचा तरी पिकअप. त्यांच्याही गाड्या रिकाम्या असताना पुढून वाकतात. म्हणून त्या लोकांनी 'लेव्हलिंग किट' काढलं. पुढच्या स्प्रिंगवर लोखंडाची जाड चकती बसवायची, की पुढची बाजू दोन इंच वर येते आणि गाडी सपाट दिसते. त्यावर मोठे टायर चढवले की रुबाब पूर्ण.

फलटणच्या एका मिस्त्रीकडं आम्ही गेलो. मिस्त्रीनं आधी गाडीखाली पाहिलं, मग पुतण्याकडं, मग माझ्याकडं. घरातलं वडील माणूस बरोबर असूनही हे चाललंय, याची त्यानं मनात नोंद केली असावी.

"दादा, मागचे पाटे कडक असतात ते मालासाठी," तो म्हणाला. "टन-दीड टन टाका, मागची बाजू बसते आणि गाडी सरळ होते. कंपनीनं ती भरल्यावर सरळ राहावी म्हणून रिकामी वाकती ठेवलीय. तुम्ही रिकामी सरळ केली, तर भरल्यावर काय होईल?"

"काय होईल?"

"नाक वर."

एवढं सांगून त्यानं पान्हा उचलला आणि काम सुरू केलं. गिऱ्हाइकाला समजावणं त्याचं कर्तव्य होतं, परत पाठवणं नव्हतं. हेच धोरण आम्ही बँकेत मुदत ठेव मोडायला आलेल्यांच्या बाबतीत ठेवतो.

टायर बदलले. मूळचा होता २१५/७५ आर १५, म्हणजे उंचीला साधारण ७०४ मिलिमीटर. नवा २६५/७५ आर १५, म्हणजे ७७९. बघणाऱ्याला वाटावं गाडी हातभर वाढली. पण टायर कितीही वाढला, तरी गाडी वाढते ती निम्म्यानंच, कारण उरलेला निम्मा आसाच्या वरच्या अंगाला जातो. हाती पडला दीड इंच. किटचे दोन धरून पुढून साडेतीन. टायर, रुंद रिंगा, किट आणि मजुरी मिळून बिल बहात्तर हजार. मी सवयीनं भागाकार केला. इंचाला वीस हजार पाचशे एकाहत्तर रुपये. आमच्याकडं जमीन गुंठ्यानं घेतात, पुतण्यानं हवा इंचानं घेतली.

शिवाय मीटर खोटं बोलायला लागलं. मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालंय हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. तो साठ दाखवायचा तेव्हा गाडी सहासष्टनं पळायची, आणि शंभर किलोमीटरची नोंद व्हायची तेव्हा प्रत्यक्षात एकशे दहा झालेले असायचे. चालणं जास्त आणि जमा कमी, असं खातं मी माझ्या पगाराशिवाय दुसरं पाहिलेलं नाही. गाडी पूर्ण वळवली की टायर आत घासून खर्रर्र करायचा. पुतण्या म्हणायचा, "रुळल्यावर थांबंल." सासरी आलेल्या सुनेबद्दल असंच बोलतात.

हे सगळं कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. उद्या काही झालं तर विमा कंपनी बोट ठेवणार, आणि हप्ते थकले तर बँक जामीनदाराला शोधत येणार. जामिनाचे कागद सही करण्यापूर्वी वाचणारा महाराष्ट्रातला मी एकमेव जामीनदार असेन. तरी मी गप्प बसलो.

का गप्प बसलो, ते लिहायला थोडी लाज वाटते.

त्याच आठवड्यात पुतण्यानं मला बँकेत सोडलं. मी त्या उंच गाडीत पुढं बसलो होतो. दारात आमच्या मॅनेजरसाहेबांची मोटार उभी होती. बावीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या गाडीकडं नेहमी खालून, फार तर बरोबरीनं पाहिलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा वरून पाहिलं. टपावर धूळ होती, आणि धुळीत कावळ्यानं आपला शेरा मारून ठेवला होता. मला जो आनंद झाला तो कुठल्याही पगारवाढीत झाला नव्हता. उतरताना मी पुतण्याला एवढंच म्हणालो, "उद्या पण या बाजूला येणार असशील, तर सांग."

माझं तत्त्वज्ञान इंचाला वीस हजार पाचशे एकाहत्तरच्या भावानं विकलं गेलं होतं, आणि पैसे दुसऱ्यानंच भरले होते.

पुढं डाळिंबाचा तोडा आला. एका रात्री मी धर्मपुरीकडून स्कूटरवर घरी येत होतो. समोरून एक गाडी आली आणि माझ्या डोळ्यांसमोर सूर्य उगवला. रस्ता गेला, कडेचा पांढरा पट्टा गेला, माझी स्कूटर गेली आणि पाठोपाठ मी गेलो. थांबलो तो वेड्या बाभळीत. ज्या अंगानं खुर्चीवर बसून मी बावीस वर्षं नोकरी केली, त्याच अंगाला काटे.

गाडी करकचून थांबली. कुणीतरी धावत आलं.

"लागलं का हो, बाबा?" आणि मग, "काका, तुमी?"

गाडीत टनभर डाळिंब होतं. मागची बाजू बसली होती, पुढची आभाळाकडं बघत होती. हिशेब सोपा आहे, आणि मी तो बाभळीत बसूनच केला. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर सुमारे तीन मीटर. तेवढ्यात नाक दोन इंच वर गेलं की साठ मीटरवर उजेड मीटरभर वर जातो. म्हणजे जो उजेड रस्त्यावर पडायचा, तो बरोबर स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत.

पुतण्याचे हात थरथरत होते. "काका, दुसरं कुणी असतं तर?" असं काहीतरी तो पुटपुटला. हा रस्ता साधा नाही. आषाढात माउलींची पालखी इथूनच येते, नातेपुत्याला मुक्काम करते, आणि पहाटे अंधारातच माणसं चालायला लागतात. आमच्या दोघांच्याही मनात तेच आलं असणार. कारण नंतर घरापर्यंत कुणीच बोललं नाही.

"माझी गाडी, माझा पैसा, कुणाच्या बापाचं काय जातं?" असं आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळ वेळा ते खरंही असतं. मला जांभळा शर्ट आवडला तर मी घालीन. पण काही हौशी अशा असतात की पैसे आपले जातात आणि डोळे दुसऱ्याचे. आणि पुतण्याला तरी दोष कसला द्यायचा? त्यानं दिव्यांचा हिशेब केला नव्हता. मला तो करता येत होता आणि मी वर बसून टपावरची धूळ मोजत होतो. न कळून चुकणारा आणि कळून गप्प बसणारा, यांच्यात जास्त व्याज कुणाला लावायचं, याचं उत्तर देताना मी निःपक्षपाती राहू शकत नाही. म्हणून ते सौ.वर सोपवलं. हळद लावता लावता तिनं निकाल दिला, "त्याला काय बोलताय? वर कोण बसत होतं?"

रात्री पालथा झोपून मला आईची आठवण आली. नळ यायच्या आधी ती विहिरीवरून पाणी आणायची. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. भरल्या हंड्याखाली ती काठीसारखी सरळ चालायची. रिकामा हंडा कमरेवर घेऊन विहिरीकडं जायची तेव्हा मात्र जरा वाकलेली, पायाखाली बघत. लहानपणी मला वाटायचं, ओझं असताना माणूस वाकतो, मग हिचं उलटं कसं? ती रिकामी असताना कुणासाठी ताठ उभी राहत नव्हती. तिचा ताठपणा पाण्यासाठी राखून ठेवलेला होता. तिला कुणी चकती बसवली असती, तर हंडा पडला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही फलटणला गेलो. मिस्त्री काही बोलला नाही. चकत्या काढल्या, जुने टायर चढवले, नवे निम्म्या किमतीत गेले. पुतण्या मुलगी पाहायला गेला तो बाजारातून परस्परच, क्रेटसकट. मुलीच्या वडिलांनी गाडी सरळ उभी आहे की वाकडी, हे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भाव काय निघाला?" बोलणी चालू आहेत.

काढलेल्या चकत्यांपैकी एक मी मागून घेतली. बँकेत माझ्या टेबलावर व्हाउचरं उडू नयेत म्हणून ती ठेवतो. साहेब परवा विचारत होते, "हे काय आहे हो?" मी म्हटलं, "पेपरवेट."

त्यांची मोटार अजूनही तिथंच उभी असते. टपावर धूळ असेलच. आता दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर, थोडं चुकल्यासारखं वाटतं.