उत्तरायुष्याचा प्रश्न

रत्नागिरीच्या आसपास अलीकडे जी नवी घरे उभी राहिली, त्यांतील पुष्कळशी घरे मुंबईत किंवा परमुलखात उमेदीची वर्षे घालवून, हुद्दा, मान आणि मिळकत ही तिन्ही पदरी पाडून परतलेल्या माणसांनी बांधलेली आहेत. आणि जांभ्या दगडाचे टुमदार घर, मागे हापूसची कलमे, महिन्याच्या महिन्यास बिनचूक जमा होणारे पेन्शन, हे सारे असूनही पहिले एक-दोन पावसाळे उलटले की ‘आजवर केले ते कशासाठी?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कित्येकांना अस्वस्थ करू लागतो, असे त्यांच्याशी बोलताना मला वारंवार जाणवले आहे. या प्रश्नासाठी आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थाचा एक स्वतंत्र आश्रमच नेमून दिला होता. परंतु कामातून मोकळीक मिळाली म्हणजे चिंतनाला आपोआप आरंभ होतो, ही जी सार्वत्रिक समजूत आहे, ती मला ग्राह्य वाटत नाही. आणि तिची पारख करण्यास रत्नागिरीइतके योग्य गाव मला दुसरे ठाऊक नाही.

लोकमान्य टिळकांचा जन्म याच गावचा, २३ जुलै १८५६ चा. मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे काळ्या पाण्याची सजा फर्मावली ती २२ जुलै १९०८ च्या रात्री, म्हणजे वयाची बावन्न वर्षे पुरी होण्यास काही तासांचाच अवधी उरला असताना. त्या वेळी सार्वजनिक जीवनातील कोणतेही यश त्यांना मिळावयाचे राहिले होते असे म्हणता येणार नाही: ‘केसरी’ महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला होता, ‘ओरायन’ने विद्वानांच्या सभेत त्यांना स्थान दिले होते, आणि शिक्षेची वार्ता कळताच मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते. अशा कीर्तीच्या शिखरावरून हा पुरुष एकाएकी मंडालेच्या किल्ल्यातील लाकडी कोठडीत नेऊन टाकला गेला. आणि तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्या’चा प्रचंड खर्डा पेन्सिलीने लिहून पुरा केला.

हे एवढ्या अल्प अवधीत कसे घडले, याचे उत्तर त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच दिले आहे. १८७२ साली वडील गंगाधरपंत अखेरच्या आजारात असताना गीतेवरील एक प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या या मुलाकडे आले होते, आणि जी गीता अर्जुनाला युद्धास प्रवृत्त करण्यासाठी सांगितली गेली, तिच्यात केवळ मोक्षाचा व संन्यासाचाच उपदेश कसा असेल, ही शंका पुढे त्यांच्या मनातून कधी गेली नाही. शाळा काढताना, वर्तमानपत्र चालविताना, खटले लढविताना ती त्यांच्यासोबत होती. मंडालेने तिला फक्त अवकाश दिला. त्या चिंतनातून जे निष्पन्न झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे, कारण जगाच्या कोलाहलापासून इतक्या दूर बसून त्यांनी जो सिद्धांत मांडला तो ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहार्थ कर्म करीतच राहावे, हा होता. कारावासातच, १९१२ साली, पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाचे वृत्त त्यांना कळले. १९१४ च्या जून महिन्यात सुटका झाली, पुढल्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९१६ साली साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस होमरूलच्या कामास लागला.

ज्या मंडालेत टिळक गेले, त्याच मंडालेचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून टिळकांच्या जन्मगावी नजरकैदेत होता. तारुण्यात त्याने विहारात राहून बौद्ध धर्मग्रंथांचे अध्ययन केले होते, तेव्हा चिंतनाचे संस्कार त्याला नव्हते असे नाही. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा राजवाडा त्याच्यासाठी १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच त्याचा अंत झाला. मधल्या तीस वर्षांचा त्याचा जो पत्रव्यवहार सरकारी दप्तरात राहिला, त्यात तनख्याच्या, कर्जाच्या आणि निवासस्थानाच्या अर्जविनंत्या मुख्यत्वे आढळतात. त्याच्या अंतःकरणात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. राज्य, देश आणि स्वभाषा एकाच वेळी गमावलेल्या माणसाविषयी करुणाच वाटली पाहिजे. परंतु एकांत, सक्तीचा अवकाश आणि दीर्घ कालावधी या गोष्टी चिंतन उत्पन्न करण्यास स्वतः समर्थ असत्या, तर थिब्याच्या वाट्याला त्या टिळकांच्या पाचपट आल्या होत्या.

टिळकांचे उत्तर हेच एकमेव उत्तर, असाही माझा आग्रह नाही. रत्नागिरीच्या दक्षिणेस पावस येथे १९०३ साली जन्मलेले रामचंद्र विष्णू गोडबोले तारुण्यात स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, येरवड्याचा तुरुंगवास भोगून आले, आणि १९३४ च्या कठीण दुखण्यानंतर सुमारे चाळीस वर्षे, १९७४ साली देह ठेवीपर्यंत, त्याच गावी राहिले; स्वामी स्वरूपानंद या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो, आणि ‘अभंग ज्ञानेश्वरी’ ही त्यांचीच. टिळक चिंतनातून कर्माकडे वळले, स्वामी चळवळीतून स्वस्थतेकडे. दिशा परस्परविरुद्ध, पण दोघांचाही प्रश्न उमेदीच्या काळातच जागा झालेला होता, उत्तरायुष्याची वाट पाहत तो थांबला नव्हता.

म्हणून माझे सांगणे परतून आलेल्यांपेक्षा अजून न परतलेल्यांना अधिक आहे. ज्यांच्या निवृत्तीस दहा-वीस वर्षे अवकाश आहे, नोकरीच्या किंवा धंद्याच्या धबडग्यात ज्यांना क्षणाची उसंत नाही, त्यांनी सोळाव्या-अठराव्या वर्षी आपल्याला कोणत्या शंकेने छळले होते, हे या दिवाळीच्या सुटीत शांतपणे आठवावे, आणि तिच्यासाठी आठवड्यातील निदान एक संध्याकाळ आतापासूनच राखून ठेवावी, एवढीच माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.